फिटनेसचा हिशोब दोन वह्यांत ठेवा



आपल्या चॅनलवर आपण भांडवल, मार्जिन, उधारी, जीएसटी यावर बोलतो. आज एका वेगळ्या भांडवलाबद्दल बोलायचंय. ते बॅलन्स शीटमध्ये दिसत नाही, पण ते गेलं की बाकी सगळं जातं. ते म्हणजे तुमचं शरीर.

नोकरीवाला आजारी पडला तर त्याला रजा असते. गल्ल्यावर बसणाऱ्याला रजा नाही. तुमचं दुकान, तुमचा होमस्टे, तुमचं मसाल्याचं युनिट म्हणजे बहुतेक वेळा तुम्ही एकटेच. कंबर धरली, शुगर वाढली, आठ दिवस झोपून राहिलात, तर आठ दिवस शटर खाली. हप्ता मात्र ठरल्या तारखेला कापला जाणारच. म्हणून फिटनेस ही हौस नाही, धंद्याचा भाग आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता अडचण कुठे येते ते बघू. उत्साह सगळ्यांकडे असतो. एक जानेवारीला जिम लागते, वर्षाची फी एकदम भरली जाते, नवीन शूज येतात. आणि मार्चमध्ये आंबा सुरू झाला की सगळं बंद. दुसऱ्या प्रकारची माणसं चालायला जातात, नियमित जातात, पण वजन काही हलत नाही. मग म्हणतात, "आपली बॉडीच तशी."

बॉडी तशी नाही. हिशोब चुकतोय.

चालणं आणि वडापाव

संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर आणि जेटीवर बघा. चालणारे भरपूर दिसतात, चांगली गोष्ट आहे. पण चालून झाल्यावर त्यातले कितीतरी गाड्यांपाशी थांबतात. "एवढं चाललो, एक वडापाव चालतो की!"

आकडे मांडू. सत्तर किलो वजनाचा माणूस पाऊण तास झपझप चालला, साधारण साडेचार किलोमीटर, तर अडीचशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात. एका वडापावात तीनशेच्या आसपास असतात. म्हणजे पाऊण तासाची कमाई पाच मिनिटांत खर्च, वर थोडी उधारी.

चहाचंही तसंच. दुकानात बसलं की येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाबरोबर अर्धा कप होतोच. दिवसाला आठ कप, प्रत्येकात एक चमचा साखर धरली तरी चाळीस ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. इथे नुसत्या चहातच ती मर्यादा ओलांडली. जेवण अजून व्हायचंय.

म्हणून माझा पहिला नियम: व्यायामाने खाण्याची उधारी फेडायची नाही. दोन वेगळ्या वह्या ठेवा. खाणं हा रोजचा खर्च आहे, तो आटोक्यात ठेवायचा. व्यायाम ही मशीनची सर्व्हिसिंग आहे, ती वेळेवर करायची. सर्व्हिसिंग केली म्हणून डिझेल सांडायची परवानगी मिळत नाही. आणि डिझेल वाचवलं म्हणून सर्व्हिसिंग टाळताही येत नाही.

नुसतं खाणं कमी करणाऱ्यांसाठी

उलट बाजूही सांगतो. काही जण व्यायाम करतच नाहीत, नुसतं जेवण कमी करतात. भात बंद, रात्रीचं जेवण बंद. वजन उतरतं, लोक कौतुक करतात. पण त्यात चरबीबरोबर स्नायूही जातात. मग जिना चढताना दम लागतो, पोतं उचलताना पाठ भरते. आणि जुनं खाणं सुरू झालं की वजन परत येतं, गेलेली ताकद मात्र आपोआप परत येत नाही.

"आमचं कामच व्यायाम आहे" असं म्हणणारेही भेटतात. पेट्या उचलणं म्हणजे मेहनत आहे, नक्कीच. पण ती मेहनत वाकडंतिकडं वाकून, घाईत, एकाच बाजूने होते. शरीर तयार नसताना सीझनमध्ये एकदम भार आला की कंबर जाते. थंडीचे चार महिने जोर-बैठका काढलेल्या माणसाला एप्रिलमधली पेटी हलकी वाटते. व्यायाम हा कामाच्या ऐवजी नसतो, कामासाठी असतो.

लोकमान्यांचं एक वर्ष

आपल्या रत्नागिरीतच याचं मोठं उदाहरण आहे. लोकमान्य टिळकांचा जन्म इथला, 23 जुलै 1856 चा. टिळक आळीतलं त्यांचं जन्मस्थान तुम्ही पाहिलं असेल. लहानपणी त्यांची प्रकृती नाजूक होती. पुण्यात डेक्कन कॉलेजात गेल्यावर त्यांनी पहिलं वर्ष शरीर कमावण्यासाठी द्यायचं ठरवलं. तालीम, कुस्ती, पोहणं आणि त्याला साजेसा खुराक. दोन्ही बरोबर. त्या वर्षी ते परीक्षेत नापास झाले. पुढे त्याच माणसाने गणित घेऊन पहिल्या वर्गात पदवी मिळवली.

ही गोष्ट आपल्याकडे नेहमी "व्यायाम करा" एवढंच सांगायला वापरली जाते. मला त्यात अजून दोन गोष्टी दिसतात.

एक, त्यांनी किंमत आधीच ठरवली होती. एक ध्येय, एक वर्ष, आणि त्यासाठी काय सोडायचं ते ठरलेलं. आपण मात्र जिमही लावतो, डाएटही करतो, दुकानाची वेळही वाढवतो, आणि एकाही गोष्टीची किंमत मोजायला तयार नसतो.

दोन, पुढचा भाग. 1908 ला त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेला पाठवलं. 1914 मध्ये सुटका झाली. तिथे तालीम नव्हती, पोहायला नदी नव्हती, वय पन्नाशीच्या पुढे आणि मधुमेह जडलेला. तिथे आधार होता तो पथ्याचा. त्याच तुरुंगात त्यांनी "गीतारहस्य" लिहिलं.

परिस्थिती व्यायामाची जागा आणि वेळ हिरावून घेऊ शकते. ताटावरचा ताबा मात्र बऱ्यापैकी आपल्याकडेच राहतो. छोट्या धंदेवाल्याने प्लॅन बनवताना हे लक्षात ठेवायला हवं. खाण्याचा नियम बारा महिने तोच, व्यायाम सीझनप्रमाणे कमी-जास्त.

कोकणातलं वर्ष कसं बसवायचं

*ऑक्टोबर ते फेब्रुवारी:* हवा चांगली, आंब्याची धावपळ नाही. हीच कमाईची वेळ. आठवड्यातून पाच दिवस झपझप चालणं, दोन दिवस जोर-बैठका किंवा वजन उचलणं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही असाच आहे: आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. होमस्टेवाल्यांनी दिवाळी आणि ख्रिसमसची गर्दी धरून चालावं.

*मार्च ते मे:* आंबा, पर्यटक, चाकरमानी, लग्नसराई. या काळात मोठी ध्येयं ठेवूच नका. दिवसाला वीस मिनिटं मिळाली तरी पुरे. इथे एकच ध्येय: कमावलेलं टिकवायचं. धंद्यात मंदीच्या महिन्यात आपण नफा नाही, निदान तोटा नको म्हणतो ना, तसंच.

*जून ते सप्टेंबर:* इथला पाऊस तुम्हाला माहीत आहे. जेटीवरचं चालणं बंद होणारच. ते गृहीत धरूनच घरात होईल असा व्यायाम आधीच ठरवा: जोर, बैठका, सूर्यनमस्कार. मासेमारी बंदीचे जून-जुलै महिने मच्छीवाल्यांना मोकळे मिळतात, ते वाया घालवू नका.

म्हणूनच मी वर्षाची जिम फी एकदम भरू नका असं सांगतो. स्वस्त पडते हे खरं, पण पाच महिने वापरायची वस्तू बारा महिन्यांची घेणं ही सवलत नाही. आधी तीन महिन्यांची घ्या.

दीक्षित की दिवेकर?

हा प्रश्न प्रत्येक ट्रेनिंगमध्ये चहाच्या वेळी निघतो. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवा, जेवण 55 मिनिटांत संपवा आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. ऋजुता दिवेकर सांगतात, आपल्या मातीतलं, घरचं खा, थोडं थोडं आणि वेळेवर खा. ऐकायला दोन टोकं. पण व्यायाम दोघंही सोडू देत नाहीत, आणि येता-जाता तोंडात काहीतरी टाकायला दोघांकडेही जागा नाही.

माझं मत? तुमच्या दुकानाच्या वेळेत जे बसतं ते घ्या, पण एकच घ्या आणि तीन महिने बदलू नका. दर महिन्याला सप्लायर बदलणाऱ्याचा धंदा चालत नाही. मात्र मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन सुरू असेल, तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा. जेवण कमी आणि औषध तेवढंच, असं झालं की शुगर एकदम खाली जाऊ शकते.

खाण्यासाठी महागडे डबे लागत नाहीत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने दर किलो वजनामागे सुमारे 0.83 ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. शंभर ग्रॅम बांगड्यात वीसच्या आसपास, एका अंड्यात सहा, वाटीभर घट्ट डाळीत सहा-सात. कुळथाचं पिठलं आहेच. आपल्या ताटात कमी पडतं ते बहुतेक वेळा हेच: भाताचा डोंगर आणि कडेला पातळ आमटी. भात बंद करू नका. डोंगर छोटा करा, मासा, डाळ, भाजी वाढवा.

या आठवड्याचं काम

1. आठ दिवस जे जे खाल-प्याल ते गल्ल्याजवळच्या वहीत लिहा. चहा धरून. काही बदलू नका, नुसतं लिहा.
2. टेपने कंबर मोजा. आपल्याकडे पुरुषांना 90 सेंमी आणि बायकांना 80 सेंमी ही धोक्याची रेघ मानतात. वजनकाट्यापेक्षा हा आकडा जास्त बोलतो.
3. नवव्या दिवशी वहीतली एकच गोष्ट कापा. एकच. बहुतेकांची ती साखर असेल.
4. व्यायामाची वेळ शटर उघडायच्या आधीची ठरवा. संध्याकाळची वेळ गिऱ्हाईक खातं.

तीन महिन्यांत पाच किलो उतरले नाहीत तरी चालेल. कंबर दोन बोटं कमी झाली, जिना चढताना दम लागला नाही आणि शुगर आटोक्यात आली, तर तुमचं दुकान पुढची वीस वर्षं उघडं राहायची शक्यता वाढली. हा नफा कुठल्याही स्कीममध्ये मिळत नाही.

वही आजच काढा. भेटू पुढच्या व्हिडिओत.