किती ओळी लिहिल्या?

मार्च-एप्रिल आला की धार-देवासच्या बऱ्याच घरांत एक शब्द ऐकू येतो : अप्रेझल. कुणाचा मुलगा देवास-इंदूर अप-डाऊन करतो, कुणाची लेक पुण्याला किंवा बंगळुरूला. आई विचारते, "अगं, रात्र-रात्र जागून काम केलंस, मग रेटिंग कमी कसं?" प्रश्न साधा आहे, उत्तर तितकं साधं नाही.

सॉफ्टवेअरचं काम मोजायचं कसं? सगळ्यात सोपं म्हणजे कोडच्या ओळी मोजणं. १९८२ च्या सुमारास अ‍ॅपलमध्ये प्रोग्रामरना दर आठवड्याला लिहिलेल्या ओळींचा आकडा फॉर्मवर भरावा लागे. बिल अ‍ॅटकिन्सन यांनी एक भाग नव्याने लिहून जवळजवळ सहापट वेगवान केला, आणि त्यात सुमारे दोन हजार ओळी कमी झाल्या. त्यांनी फॉर्मवर लिहिलं : उणे २०००. पुढे त्यांच्याकडे तो फॉर्म मागणंच बंद झालं.

आता अनेक कंपन्या चार मापं वापरतात. 'अ‍ॅक्सिलरेट' (२०१८) या पुस्तकामुळे ती सर्वदूर पोचली. बदल ग्राहकापर्यंत किती वेळा पोचतात, पोचायला किती वेळ लागतो, त्यातले किती बिघडतात, आणि बिघडलेलं किती लवकर सावरतं. पहिली दोन वेगाची, नंतरची दोन भरवशाची. चारही एकत्र पाहायची आणि तीही टीमची, एकेकट्याची नव्हे. दोन टीमची तुलनाही जपूनच करावी. एकाच गावात थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या नांदलेल्या देवासकरांना हे वेगळं सांगायला नको!

माप हेच ध्येय झालं की ते माप बिघडतं. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. 'किती तिकिटं बंद केली' यावर रेटिंग ठरलं, तर एका कामाची पाच तिकिटं होतात आणि अडलेल्या सहकाऱ्याला मदत करायला कुणी थांबत नाही.

आपल्या गावचंच उदाहरण घ्या. १९४८ मध्ये कुमार गंधर्व क्षयाच्या आजारपणात देवासला आले. पुढची काही वर्षं गाणं बंद. मैफली मोजल्या असत्या, तर आकडा शून्य. पण त्याच काळात माळव्याची लोकगीतं त्यांच्या कानात मुरत होती. पुढे त्या धुनांतून नवे राग उभे राहिले.

तेव्हा मुलांनो, अप्रेझलच्या फॉर्मवर आकडे भराच. पण आकड्यात न मावणारं कामही दोन ओळींत लिहा : कुणाला शिकवलंत, कोणता बिघाड होण्याआधीच टाळलात, कोणतं अनावश्यक कोड काढून टाकलंत. आणि तुम्ही टीम लीड असाल, तर आपल्या टीमची तुलना तिच्याच तीन महिन्यांपूर्वीच्या कामाशी करा. मग आईच्या प्रश्नाला उत्तर देणंही सोपं जाईल.