जादूगार आणि चेटकीण

रिकाम्या टोपीतून कबुतर काढून दाखविणाऱ्या मनुष्यास आपण जादूगार म्हणतो आणि त्याच्यासाठी टाळ्या वाजवितो. एखाद्या गायकाच्या गळ्यात जादू आहे, असेही आपण कौतुकाने बोलतो. ‘जादू’ हा शब्द फारसी भाषेतून मराठीत आला आणि येथे सुखाने नांदला. परंतु एखाद्या स्त्रीच्या अंगी काही अद्भुत शक्ती आहे असे लोकांच्या मनाने घेतले, म्हणजे तिला चेटकीण म्हणतात. मग टाळ्यांच्या जागी दगड येतात. वास्तविक जादूगाराजवळ निदान हातचलाखी तरी असते. त्या बिचारीजवळ तीही नसते! असे का व्हावे, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

चेटूक म्हणजे मंत्रतंत्राने दुसऱ्याचे वाईट करण्याची विद्या, अशी समजूत आहे. तिलाच कोणी जादूटोणा म्हणतात, कोणी करणी. यांपैकी ‘करणी’ या शब्दाचा साधा अर्थ कृती, एवढाच. ‘डाकीण’ हा शब्द संस्कृत ‘डाकिनी’पासून आला. तिबेटी बौद्ध परंपरेत डाकिनीला पूज्य मानतात. आपल्या सातपुड्याच्या परिसरात मात्र ‘डाकण’ ठरविलेल्या स्त्रियांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर घालविण्यात आले आहे. तेव्हा दोष शब्दाच्या अक्षरांत नसतो. तो शब्द कोणावर आणि कशासाठी फेकला जातो, यात असतो.

तो बहुधा फेकला जातो एकट्या राहणाऱ्या विधवेवर, वृद्धेवर, जिला कोणी पाठीराखा नाही अशा बाईवर. गावात मूल आजारी पडते, गाईचे दूध आटते, पीक बुडते. कारण कळत नाही, आणि कारण न कळणे मनुष्याला फार अस्वस्थ करते. मग कोणी तरी म्हणतो, ‘कालच त्या म्हातारीशी भांडण झाले होते.’ झाले! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तशी भांडणाची आणि आजाराची गाठ पडते. कावळ्याच्या भाराने फांदी मोडली नाही, हे आपण जाणतो. म्हातारीच्या बाबतीत मात्र ते विसरतो. कधी कधी तर तिच्या जमिनीवर कोणाचा तरी डोळाही असतो.

या आळाचे वैशिष्ट्य असे, की तो खोडून काढता येत नाही. चोरीचा आळ आला, तर ‘माल कोठे आहे, ते दाखवा’ असे म्हणता येते. चेटकाचा आळ आला, तर काय दाखवावे? अमेरिकेतील सेलेम येथे १६९२ साली हेच घडले. काही मुलींना झटके येऊ लागले. त्यांनी गावातील स्त्रियांची नावे घेतली. पाहता पाहता शंभराहून अधिक लोकांवर आळ आला. चार-पाच वर्षांच्या एका मुलीलाही तुरुंगात डांबण्यात आले. ज्यांनी खोटी कबुली देऊन ती कायम ठेवली, ते त्या वर्षी फाशीतून वाचले. ज्यांनी सत्य सांगितले, त्यांपैकी १९ जणांना फासावर चढविण्यात आले. पुढे १६९७ साली तेथील एका न्यायाधीशाने देवळात सर्वांसमक्ष आपला अपराध मान्य केला. परंतु गेलेले जीव थोडेच परत येणार!

हा केवळ जुना इतिहास नव्हे. झारखंडातील छुटनी महतो यांना १९९५ साली चेटकीण ठरवून घर सोडावयास लावण्यात आले. त्या खचल्या नाहीत. असा आळ आलेल्या इतर स्त्रियांच्या पाठीशी त्या उभ्या राहिल्या. २०२१ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. महाराष्ट्रात जादूटोण्याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी अनेक वर्षे खटपट केली. ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी तो कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते असे सांगून तिचे जगणे कठीण करणे, हा आता गुन्हा आहे.

मग गोष्टींतील चेटकिणीलाही हद्दपार करावे काय? मुळीच नाही. गोष्टीतील चेटकीण खुशाल झाडूवर बसून उडो. गोष्ट संपली की तीही संपते. पण शेजारच्या आजीला तेच नाव चिकटविले, तर ते पुस्तक मिटल्याने पुसले जात नाही.

कायदा गुन्हेगाराला शिक्षा करील. परंतु ओठांवर आलेला शब्द अडविणे कायद्याच्या हाती नाही. ते आपल्याच हाती आहे. कोणी कोणाला चेटकीण म्हणू लागला, तर मुलांनो, एवढेच विचारा : ‘कशावरून?’ या एका प्रश्नात पुष्कळांचे प्राण वाचविण्याचे सामर्थ्य आहे.