पियानोचा पहिला अल्बम: विसरवाडीत ऐकता येतो, पण शिकता येतो का?

विसरवाडी. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यातलं, सुरत-धुळे महामार्गावरचं गाव. इथे मोबाईलला रेंज असेल, तर जगातला कुठलाही पियानोवादक एका क्लिकवर ऐकता येतो. मात्र ते वाद्य शिकायचं म्हटलं की चित्र बदलतं. हा फरक समजून घ्यायला दक्षिण कोरियातल्या एका मुलाचं उदाहरण उपयोगी पडतं.

कोण आहे हा मुलगा?

युनचान लिम. जन्म 2004 चा. जून 2022 मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ इथे व्हॅन क्लायबर्न पियानो स्पर्धा झाली आणि 18 वर्षांचा लिम ती जिंकणारा सर्वात लहान वादक ठरला. अंतिम फेरीत त्याने रशियन संगीतकार रखमानिनोव्ह यांचा तिसरा पियानो कंचेर्टो वाजवला. त्याचा व्हिडिओ यूट्यूबवर एक कोटीहून जास्त वेळा पाहिला गेला.

एप्रिल 2024 मध्ये डेक्का कंपनीने त्याचा पहिला स्टुडिओ अल्बम काढला. त्यात पोलिश संगीतकार शोपँचे 24 एट्यूड आहेत. एट्यूड म्हणजे सरावासाठी लिहिलेली रचना. आपल्याकडे पलटे घोटतात तसंच, पण शोपँने त्यातूनच मैफलीचं संगीत उभं केलं. या अल्बमला त्याच वर्षी ग्रामोफोन पुरस्कार मिळाला.

पहिल्या अल्बमचं एवढं काय?

एकल पियानोच्या अल्बममध्ये लपायला जागा नसते. साथीला कुणी नाही, गायक नाही. शोपँ किंवा बीथोव्हन निवडला, तर आधीच्या शेकडो रेकॉर्डिंगशी तुलना होणार. म्हणून अनेक तरुण वादक जुन्यासोबत आधुनिक रचनाही घेतात. जुन्या रचनांतून तयारी दिसते, नव्यातून निवड.

शोपँ फुकट, मग रीलवर क्लेम का येतो?

शोपँचं निधन 1849 मध्ये झालं. भारतात संगीतकाराच्या निधनानंतर 60 वर्षांनी रचनेवरचा हक्क संपतो. म्हणजे शोपँची रचना कुणीही वाजवू शकतं. पण लिमने वाजवलेलं रेकॉर्डिंग ही वेगळी मालमत्ता आहे. त्याचे हक्क शाबूत आहेत. त्यामुळे तो तुकडा परवानगीशिवाय व्हिडिओला लावला, तर क्लेम येऊ शकतो.

यातून पैसे मिळतात का?

नवख्या वादकासाठी फार नाही. 2024 पासून स्पॉटिफायवर एखाद्या ट्रॅकला 12 महिन्यांत किमान 1000 स्ट्रीम नसतील, तर त्याला रॉयल्टीच मिळत नाही. बऱ्याच तरुण वादकांसाठी पहिला अल्बम म्हणजे एक प्रकारे ओळखपत्र. त्यावरून पुढच्या मैफली मिळतात.

मग महाराष्ट्रात अडतं कुठे?

लिम सातव्या वर्षी घराजवळच्या क्लासमध्ये शिकायला लागला. तेराव्या वर्षी त्याला कलेत हुशार मुलांसाठीच्या सरकारी संस्थेत प्रवेश मिळाला. तिथे त्याला मिन्सू सोन हे गुरू भेटले. म्हणजे गुण त्याच्यात होतेच, पण पुढची पायरी सरकारने बांधून ठेवली होती.

आपल्याकडे पाश्चात्त्य संगीत शिकण्याच्या सोयी प्रामुख्याने मुंबई, पुणे आणि गोव्यात एकवटल्या आहेत. मुंबईत एनसीपीएने 2006 मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला, तेव्हा वादक मोठ्या संख्येने परदेशातून आणावे लागले. त्याआधी 1954 मध्ये मुंबईच्या झुबिन मेहतांना शिकायला व्हिएन्ना गाठावं लागलं होतं. मुंबईतल्या मुलाची ही गत, तर विसरवाडीच्या मुलीने कुठे जायचं?

स्वस्त कीबोर्डवर सुरुवात करता येते. पण पियानोला 88 पट्ट्या असतात आणि बोटाच्या दाबानुसार आवाज कमी-जास्त होतो. साध्या कीबोर्डवर हा दाब शिकता येत नाही. यूट्यूब सूर दाखवतं, चुकलेला हात धरून दुरुस्त करत नाही.

नंदुरबारला पियानोची गरज आहे का?

प्रश्न रास्त आहे. या पट्ट्यात पावरी आणि ढोलाची स्वतःची परंपरा आहे. पण दोन्हींत भांडण नाही. हंगेरीच्या बेला बार्टोकने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फोनोग्राफ घेऊन खेडी पालथी घातली, लोकगीतं रेकॉर्ड केली. त्यांचा ठसा त्याच्या आधुनिक पियानो रचनांवर उमटला. त्याने शिकणाऱ्यांसाठी लिहिलेल्या 'मायक्रोकॉस्मॉस'मध्ये सोप्यापासून अवघडापर्यंत 153 तुकडे आहेत. गावाचं संगीत नोंदवलं गेलं, म्हणून ते पुढच्या पिढीच्या बोटांपर्यंत पोहोचलं.

पावरीवादकाचा पहिला अल्बम निघायचा असो की पियानोवादकाचा, गरजा सारख्याच आहेत: नियमित शिकवणारा गुरू, सरावाला वाद्य, रेकॉर्डिंगची सोय आणि ऐकायला बसणारी चार माणसं. मोबाईलने यातली शेवटची गोष्ट सोपी केली. पहिल्या तीन गोष्टी तालुक्याच्या ठिकाणी कुणी द्यायच्या, हे शाळा आणि सरकारने ठरवायचं आहे.