हायमास्ट आला, चांदण्या गेल्या! गावाच्या उजेडाचं गणित कुठं चुकतंय?

गावात हायमास्ट बसला की नारळ फुटतो, फोटो निघतात, स्टेटसला पडतात. रात्री त्याच खांबाखाली उभं राहून वर पाहिलं तर आभाळ राखाडी आणि चांदण्या हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या. उजेड रस्त्यासाठी आणला होता, पण त्यातला बराचसा आभाळात चालला आहे. आणि त्या वाया जाणाऱ्या उजेडाचंही बिल ग्रामपंचायत भरते आहे.

यालाच प्रकाश प्रदूषण म्हणतात. आजवर हा शहराचा प्रश्न समजला जायचा. आता तालुक्याची गावं, हायवेवरचे ढाबे, पेट्रोल पंप, मंगल कार्यालयं यांच्यामुळे तो वाडी-वस्तीपर्यंत आला आहे.

आकडे काय सांगतात?

आभाळ किती उजळलं, हे मोजण्यात मोठा वाटा आहे तो हौशी लोकांचा. २०११ ते २०२२ या काळात जगभरातल्या सामान्य लोकांनी आपल्या अंगणातून, गच्चीवरून साध्या डोळ्यांना किती तारे दिसतात याच्या ५१ हजारांहून जास्त नोंदी पाठवल्या. त्यांचा अभ्यास २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. रात्रीचं आभाळ सरासरी वर्षाला जवळपास १० टक्के जास्त उजळ होत आहे, असा त्याचा निष्कर्ष. सोप्या भाषेत सांगायचं तर, जिथून मूल जन्मलं तेव्हा २५० तारे दिसायचे, तिथून ते १८ वर्षांचं होईपर्यंत १०० च दिसतील.

या नोंदी मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या आहेत, त्यामुळे तोच आकडा आपल्या तालुक्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण बदलाची दिशा आपल्याकडेही तीच दिसते.

दुर्बीण असूनही उपयोग नाही

पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आणि मुंबईचं खगोल मंडळ १९८५ पासून हौशी लोकांना आभाळ दाखवण्याचं काम करतात. अशा मंडळींना अमावास्येच्या आसपास शहर सोडून बाहेर पडावं लागतं. खगोल मंडळाचे वांगणीचे कार्यक्रम त्यासाठीच ओळखले गेले.

मोठी दुर्बीण घेतली की काम झालं, असा अनेकांचा समज असतो. चंद्र, गुरू, शनी हे उजेडातही दिसतात. पण आकाशगंगेचा पट्टा, तेजोमेघ, देवयानीसारखी दूरची दीर्घिका हे सगळं मुळातच फिकट. आभाळ उजळलं की ते त्या उजेडात मिसळून जातं. दुर्बिणीतून तेजोमेघ मोठा दिसला तरी मागचा उजेड काही जात नाही. डिसेंबरमध्ये १३-१४ तारखेच्या रात्री मिथुन राशीतून होणारा उल्कावर्षाव तर दुर्बिणीशिवाय, नुसतं उताणं पडून बघायचा असतो. उजळ आभाळात त्यातल्या ठळक उल्काच तेवढ्या दिसतात.

गावाकडे याची झळ वेगळी आहे. जुनी माणसं तिकांडं कुठवर आलं यावरून रात्रीचा प्रहर सांगायची, सप्तर्षींना म्हातारीची बाज म्हणून पोरांना चोरांची गोष्ट सांगायची. मृग, रोहिणी, आर्द्रा ही नावं पेरणीच्या बोलण्यात अजून रोज येतात. पण मृग आभाळात नेमका कुठं असतो, हे दाखवणारी माणसं कमी होत चालली आहेत. आणि दाखवायला गेलं तर तो नीट दिसायलाही हवा.

पेंचच्या गावांनी काय केलं?

नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ म्हणजे अंधाऱ्या आभाळाचं उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. असा मान मिळवणारं हे देशातलं पहिलं ठिकाण. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभराहून जास्त दिवे बदलण्यात आले. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. गावं अंधारात ढकलली नाहीत. दिव्यांचं तोंड जमिनीकडे केलं, एवढंच.

लडाखमधल्या हान्ले परिसरात २०२२ मध्ये असंच राखीव क्षेत्र जाहीर झालं. तिथे गावातल्याच लोकांना दुर्बिणी आणि प्रशिक्षण मिळालं. आता आलेल्या पर्यटकाला राहायला खोली देणारं घरच रात्री तारेही दाखवतं. म्हणजे अंधार राखणं हे रोजगाराचं साधनही होऊ शकतं. आपल्याकडे कृषी पर्यटन करणाऱ्यांनी यावर विचार करायला हरकत नाही. शहरातला माणूस गावात येऊन पुन्हा फोकसखालीच बसणार असेल, तर त्याला वेगळं काय मिळालं?

पण बिबट्याचं काय?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बिबट्याची भीती आहे, चोऱ्या होतात, बाया-पोरींना संध्याकाळी उशिरा यावं लागतं. शेतीची लाईट रात्रीची असेल तर शेतकऱ्याला अपरात्री मोटार चालू करायला जावंच लागतं, आणि वाटेत सापाची धास्ती. त्यामुळे ‘दिवे बंद करा’ असं सांगणं चुकीचंच ठरेल.

मात्र डोळ्यावर येणारा झगझगीत दिवा म्हणजे सुरक्षितता, हेही खरं नाही. असा दिवा डोळे दिपवतो आणि त्याच्या पलीकडची सावली आणखी काळी करतो. त्या उजेडातून शिवारात पाऊल टाकलं की डोळे अंधाराला पुरते सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. धोका नेमका त्याच वेळेत असतो. तोच दिवा खाली वळवला तर रस्ता जास्त स्पष्ट दिसतो आणि कमी वॅटमध्ये काम भागतं.

उपाय स्वस्त, पण मागणी नाही

नदी घाण झाली तर साफ व्हायला वर्षं जातात. इथे दिवा झाकला की त्याच रात्री फरक पडतो. करायचं ते साधं आहे:

- खांबावरचा तिरका दिवा वायरमनकडून जमिनीला समांतर करून घेणं.
- वरून आणि बाजूने झाकलेले दिवेच खरेदी करणं.
- पांढऱ्या-निळसर दिव्याऐवजी पिवळसर, ३००० केल्विन किंवा त्याखालचे दिवे घेणं. निळसर उजेड हवेत जास्त पसरतो.
- मंदिर, शाळा, समाजमंदिराच्या फोकसला टायमर लावणं.

मग हे होत का नाही? कारण हायमास्ट लांबून दिसतो, त्यावर निधी देणाऱ्याच्या नावाचा फलक लागतो. दिव्याच्या झाकणाचं उद्घाटन कोण करणार? शिवाय हवा, पाणी, आवाज यांच्या प्रदूषणाला कायदे-नियम आहेत, तसा स्वतंत्र कायदा उजेडासाठी आपल्या देशात नाही. तक्रार करायची तर कुणाकडे, हाच प्रश्न. एका गावाने केलं तरी शेजारच्या शहराचा उजेड कित्येक किलोमीटरवरून दिसत राहणार, हेही खरं. म्हणून तालुका पातळीवर विचार झाला तरच मोठा फरक दिसेल.

तरीही सुरुवात गावातूनच होऊ शकते, कारण पथदिवे ग्रामपंचायतीच्या हातात आहेत. येत्या अमावास्येला गावातल्या शाळेच्या पोरांनी चौकातून आणि शिवारातून कृत्तिकेच्या पुंजक्यात किती तारे दिसतात ते मोजावं आणि दोन्ही आकडे ग्रामसभेत मांडावेत. पुढच्या दिव्यांच्या खरेदीचा विषय निघेल तेव्हा ‘किती वॅटचा?’ याच्यासोबत ‘तोंड कुठं?’ हाही प्रश्न विचारला गेला, तर गावाचा रस्ताही उजळेल आणि आभाळही शाबूत राहील.