पुणे की बंगलोर? आधी पत्ता सांगा!

कॅम्पसला कंपन्या यायला लागल्या की आपल्या हॉस्टेलमध्ये एक वाद ठरलेला. 'लोकेशन प्रेफरन्स'च्या रकान्यात काय भरायचं, पुणे की बंगलोर? मेसमधली पोळी गार होते, पण वाद काही गार होत नाही! पुणेवाल्यांचं म्हणणं, घर जवळ, मराठीत भांडता येतं, शुक्रवारी रात्री एसटी पकडली की शनिवारी आईच्या हातचं जेवण. बंगलोरवाल्यांचं म्हणणं, हवा, पगार आणि 'एक्सपोजर'. (हे एक्सपोजर नक्की कशाचं, ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.)

मला विचाराल तर हा वादच चुकीच्या प्रश्नावर चाललाय. कारण ही दोन्ही शहरं एकमेकांची चुलत भावंडं शोभतील इतकी सारखी आहेत. खरा फरक पुणे आणि बंगळुरूमध्ये नाही. तो पुण्यातल्या पुण्यात, सदाशिव पेठ आणि हिंजवडीमध्ये आहे. बंगळुरूतल्या बंगळुरूत, मल्लेश्वरम आणि व्हाइटफील्डमध्ये आहे. आणि फॉर्म भरताना नेमकं हेच कुणी विचारत नाही.

साम्य बघा ना. दोन्ही शहरं दख्खनच्या पठारावर, पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर, बंगळुरू ९०० मीटरच्याही वर. त्यामुळे एप्रिलच्या उन्हात बंगळुरू जिंकतं, हे मान्य. दोन्हीकडे एक जुनं, दाट शहर आणि त्याला लागून इंग्रजांनी वसवलेली लष्करी छावणी. बंगळुरूची १८०९ ची, आपली १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यानंतरची. दोन्ही शहरं पेन्शनरांची म्हणून प्रसिद्ध होती. मग कॉलेजं आली, संशोधन संस्था आल्या, कारखाने आले आणि शेवटी आपल्यासारख्यांना नोकऱ्या देणारं सॉफ्टवेअर आलं. आज दोन्ही शहरं एकाच राष्ट्रीय महामार्गावर आहेत, क्रमांक ४८. आणि मराठी माणसाला बंगळुरू परकं वाटायचंही कारण नाही. सतराव्या शतकात ते शहाजीराजांच्या जहागिरीत होतं!

दोन्ही शहरांवर प्लेगही जवळजवळ एकदमच आला, पुण्यात १८९७ मध्ये आणि बंगळुरूत १८९८ मध्ये. पुण्याचा प्लेग म्हटलं की आपल्याला रँड आणि चाफेकर बंधू आठवतात, शाळेत तेवढंच शिकवतात. बंगळुरूत मात्र त्या साथीतून मल्लेश्वरम आणि बसवनगुडी ही दोन उपनगरं उभी राहिली. दाटीतून लोकांना बाहेर काढायचं म्हणून रुंद रस्ते आणि मोकळे प्लॉट आखले गेले. म्हणजे आज ज्याला आपण 'जुनं, अस्सल बंगलोर' म्हणतो ते एके काळचं उपनगरच की! तेव्हा उपनगर या शब्दाशी माझं वैर नाही. फक्त कुठलं उपनगर, ते बघायला हवं.

याचं उत्तर मुंबईने केव्हाच देऊन ठेवलंय. तिथे आधी रेल्वे गेली आणि रुळांच्या मागोमाग वस्ती वाढली. म्हणून २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात सुमारे ३१ लाख लोक, तर उपनगर जिल्ह्यात ९३ लाखांवर लोक आढळले, आणि तरीही बोरिवलीच्या माणसाला आपण मुंबईबाहेर राहतो असं वाटत नाही. लोकलची गर्दी जीव काढते, पण गाडी येते!

पुण्यात आणि बंगळुरूत नेमकं उलट झालं. आधी कंपन्या गेल्या, मग टॉवर गेले, रस्ता अर्धवट गेला आणि गाडी सगळ्यात शेवटी. बंगळुरूची इलेक्ट्रॉनिक्स सिटी १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली आणि तिथे मेट्रो पोचली ऑगस्ट २०२५ मध्ये. व्हाइटफील्डचा मोठा आयटी पार्क नव्वदच्या दशकातला, पण शहराशी सलग मेट्रो ऑक्टोबर २०२३ ची. पुण्यात पहिली मेट्रो धावली ६ मार्च २०२२ ला, तीही वनाझ ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी ते फुगेवाडी, म्हणजे हिंजवडीच्या वाटेला गेलीच नाही. आणि हिंजवडी पुण्यात तरी कुठे आहे? ऑफर लेटरवर पुणे लिहिलेलं असतं, पण तालुका मुळशी! पार्क बांधला एमआयडीसीने, आजूबाजूचं गाव वर्षानुवर्षं ग्रामपंचायतीकडे आणि ट्रॅफिक कुणाकडे ते देवालाच ठाऊक. आपण पुणे म्हणून टिक करतो आणि पोचतो मुळशीत.

आता थोडं गणित, आपण इंजिनिअर आहोत म्हणून. रोज जायला एक तास, यायला एक तास. महिन्याचे बावीस दिवस धरले तर ४४ तास, वर्षाचे ५२८ तास. म्हणजे अख्खे २२ दिवस, दिवसरात्र धरून, आपण बसमध्ये नाहीतर स्कूटीवर काढणार. आठ तासांच्या ऑफिसच्या हिशेबाने ते ६६ दिवस होतात. आपल्याला अटेंडन्स शॉर्ट पडला तर आपण किती रडतो, आणि इथे वर्षाला ६६ दिवस फुकट घालवायला आनंदाने सही करतो! मग आठशे-हजार रुपयांनी खोली स्वस्त पडली तर काय मिळवलं?

पाण्याचंही तसंच. पुण्याला खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही धरणं जवळ आहेत. बंगळुरूला मोठी नदीच नाही, कावेरीचं पाणी साधारण शंभर किलोमीटरवरून पंपाने वर चढवून आणावं लागतं. म्हणजे पुणे जिंकलं? थांबा. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळुरूत टंचाई झाली तेव्हा सगळ्यात जास्त हाल झाले ते बोअरवेल आणि टँकरवर जगणाऱ्या बाहेरच्या भागांचे. आणि पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये गीयाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण सापडू लागले ते मुख्यतः सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड, किरकटवाडी या भागात. दूषित पाण्याशी त्याचा संबंध जोडला गेला. ही गावं महापालिकेत आली २०२१ मध्ये. धरण उशाशी, पण शहराचं शुद्ध केलेलं पाणी सगळ्यांच्या नळाला नाही. स्विमिंग पूल असलेल्या सोसायटीच्या गेटवर टँकर उभा असतो, हे दृश्य वाघोलीतही दिसतं आणि व्हाइटफील्डलाही. ब्रोशरमध्ये पूलचा फोटो असतो, टँकरचा नसतो.

माझ्या रूममेटचा एक मुद्दा मात्र मला सहज उडवून लावता येत नाही. ती म्हणते, मुलींसाठी सोसायटीच बरी. वॉचमन असतो, कॅमेरे असतात, घरचे निश्चिंत. घरच्यांचं तर खरंच आहे, माझ्या बाबांनाही गेट असलेली बिल्डिंगच आवडेल. पण वॉचमन गेटपर्यंतच ना? गेटपासून बसस्टॉपपर्यंतचा रस्ता रात्री साडेनऊला कसा असतो? एका बाजूला पत्रे ठोकलेली साइट, दुसऱ्या बाजूला लांबलचक कंपाउंड वॉल आणि मधे आपण. याउलट लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीत त्याच वेळी दूधवाला असतो, इस्त्रीवाला असतो, मेसमधून डबा घेऊन निघालेली मुलं असतात, आणि ओट्यावर बसून सगळ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या आजी असतात. जेन जेकब्ज नावाच्या अमेरिकन बाईंनी १९६१ मध्ये शहरांवर जे पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी हेच मांडलं होतं, की रस्ता सुरक्षित राहतो तो पोलिसांपेक्षा तिथे वावरणाऱ्या आणि खिडकीतून बघणाऱ्या लोकांमुळे. त्या न्यूयॉर्कबद्दल लिहीत होत्या, पण पेठेतल्या आजींना हे त्यांच्याही आधीपासून माहीत असावं.

म्हणजे पेठेत सगळं गोडच आहे असं नाही हं. कॉट बेसिसवर खोली घ्यायची तर मालकांचे नियम आपल्या रेक्टर मॅडमना लाजवतील. अंडं चालणार नाही, मित्र चालणार नाहीत, दहानंतर गीझर चालणार नाही. आधी आडनाव विचारतात, मग खोली आहे की नाही ते आठवतं. ही गोष्ट मला अजिबात गंमतीची वाटत नाही, आणि नव्या सोसायटीत हे कमी असतं म्हणून कुणी तिकडे गेलं तर मी त्याला दोष देणार नाही. गाडी लावायला जागा नाही. गणपतीत दहा दिवस झोप नाही. तरीसुद्धा बावीस-तेविसाव्या वर्षी, अनोळखी शहरात, पहिली नोकरी करताना मला चालत जाऊन भाजी आणायला, पुस्तकं चाळायला, आजारी पडले तर कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे जायला आवडेल. वर्षभर ऑफिस, बस आणि गादी एवढंच बघायचं असेल तर शहर कुठलं का असेना!

आता अट एकच. ऑफिसला जायला गाडी हवी. म्हणून पेठ म्हणजे पेठच असा माझा हट्ट नाही. कोथरूड चालेल, पण ऑफिस वनाझहून निघणाऱ्या मेट्रोच्या वाटेवर असेल तर. बंगळुरूत मल्लेश्वरम चालेल, ऑफिस मेट्रोच्या वाटेवर असेल तर. आणि नवं उपनगरही चालेल, जर ते मगरपट्ट्यासारखं असेल तर. तिथे शंभराहून जास्त शेतकरी कुटुंबांनी आपल्या सुमारे चारशे एकर जमिनी एकत्र केल्या आणि ऑफिसं, घरं, शाळा, बाग, हॉस्पिटल एकाच ठिकाणी आखलं. ऑफिस तिथलंच असेल तर चालत जाता येतं. सगळ्यांच्या खिशाला ते परवडतं असं मी म्हणत नाही, पण शहराबाहेरची जागा नीट आखता येते एवढं तरी त्याने सिद्ध होतं. तेव्हा हिंजवडीतच नोकरी लागली आणि ऑफिसपासून दहा मिनिटांवर खोली मिळाली तर मी पेठेचा मोह सोडून तीच घेईन, निदान पहिलं वर्ष.

म्हणून प्लेसमेंट सेलला एक विनंती. फॉर्मवर 'लोकेशन' या रकान्याखाली अजून एक ओळ वाढवा, ऑफिसचा पूर्ण पत्ता, कंपनीने भरायचा. आणि गेल्या दोन वर्षांत जे सीनिअर्स या दोन शहरांत लागले त्यांना एक मेल टाकून तीनच गोष्टी विचारा. खोली कुठे, ऑफिसला पोचायला किती वेळ, आणि मे महिन्यात पाणी कुठून येतं. उत्तरं नोटीस बोर्डावर लावा, कॅन्टीनजवळच्या. मेसमधला वाद मग खुशाल चालू दे.