पेन दुसऱ्याच्या हाती कशाला?

राजापेठला आमच्या गल्लीतल्या बचत गटाची मागच्या महिन्यात बैठक होती. सचिव कोण होणार, हा विषय निघाला आणि इतका वेळ तावातावाने बोलणाऱ्या साऱ्या जणी एकदम गप्प! "ताई, बोलाचं तं सांगा, लिहाचं नका सांगू मले," एक जण म्हणाली, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. शेवटी एकीच्या दहावीतल्या मुलाला खेळातून ओढून आणलं. त्याने इतिवृत्त लिहिलं, "चर्चा झाली व कर्ज देण्याचे ठरले." कोणाला, किती, परतफेड कधीपासून, कशाचा पत्ता नाही! हे सगळं त्या बायकांनी तासभर भांडून ठरवलं होतं. कागदावर त्यातलं काहीच आलं नाही.

नाबार्डने १९९२ साली गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली. पुढे गटांसाठी पंचसूत्री आली. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड ही चार सूत्रं आपल्या बाया तोंडपाठ म्हणतात. पाचवं लेखे ठेवण्याचं, तिथे पेन दुसऱ्याच्या हाती जातं. आणि बँकेचा साहेब मागतो ती वहीच ना!

नोकरीतही हेच. आमच्या ओळखीची एक मुलगी कापडाच्या दुकानात हिशेबाला होती. काम सोडलं तेव्हा दोन महिन्यांचा पगार राहिला होता. चारदा जाऊन आली, दरवेळी "उद्या या". मग माझ्याकडे अर्ज घेऊन आली. पानभर मजकूर! वडिलांची शुगर, घरभाडं, "आपण मायबाप आहात", सगळं होतं. रक्कम मात्र कुठेच नव्हती. आम्ही ओट्यावर बसून तो पुन्हा लिहिला. कामाला कधी लागली, कधी सोडलं, कोणत्या दोन महिन्यांचा पगार, किती रुपये, कोणत्या तारखेपर्यंत हवा. सात ओळी झाल्या. दोन प्रती काढल्या आणि एकीवर पोच म्हणून सही-तारीख घ्यायला सांगितली. मालकाने कागद वाचला आणि आधी विचारलं, "हे कोणी लिहून दिलं?" एका महिन्याचे पैसे आठवड्यात आले. दुसऱ्याचं अजून चालू आहे, पण पोच तिच्याकडे आहे. कामगार कार्यालयात गेली तेव्हा तिथेही पहिला प्रश्न तोच होता, लेखी काही आहे का?

कामाच्या ठिकाणी कोणी वावगं वागलं, तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार लेखीच द्यावी लागते, तीही तीन महिन्यांच्या आत. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानात, दवाखान्यात काम करणारीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. लिहिता येत नसेल तर समितीने मदत करावी, असंही कायद्यात आहे. चांगलंच आहे. पण अशी गोष्ट दुसऱ्याच्या शब्दांत उतरली की तिची धार जाते, असं माझं मत आहे. तारीख, वेळ, कोण हजर होतं, हे घडलं त्याच रात्री आपल्या हाताने वहीत लिहून ठेवावं.

माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला आपल्या राज्याने २०१२ साली नियम केला, एकच विषय आणि दीडशे शब्द. मला त्या नियमाचा राग येतो, कारण सरकार स्वतः कधी दीडशे शब्दांत थांबतं का? पण सवय लावून घ्यायला ती अट बरी आहे.

आणि हे आपल्याला जमत नाही असं कोणी म्हणू नये. आपल्याच वऱ्हाडातल्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. वडील सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. मला नेहमी वाटतं, घरात कागद, दौत, अर्ज यांची रोजची वर्दळ असेल, म्हणून त्या पोरीला लेखणीची भीती वाटली नसावी. आपल्याला वाटते ती शाळेतल्या लाल पेनाची. मी आर्ट्सवाली, माझंही ऱ्हस्व-दीर्घ अजून चुकतं. अर्जातलं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं म्हणून कोणाचा पगार अडत नाही, आकडा चुकला तर अडतो. फोनवर बोलून मजकूर टाइप होतो, तीही सोय वापरा, पण खाली सही करण्याआधी स्वतः वाचा.

आमच्या गटात आता पाळीपाळीने लिहायचं ठरलं. या खेपेला पाळी आली ती "लिहाचं नका सांगू" म्हणणारीचीच! तिने लिहिलं, "आज नऊ बाया आल्या, दोघी लगनाले गेल्या." पुढे कर्ज घेणारीचं नाव, रक्कम, व्याज आणि पहिल्या हप्त्याची तारीख. रक्कम तर आकड्यात आणि अक्षरी, दोन्ही. दोनदा कायले लिहिलं व, असं कोणीतरी विचारलं. "चेकवर लिहितेत ना तसं," ती म्हणाली आणि वही सहीसाठी पुढे सरकवली.