कृष्णविवरांच्या कसोटीवर कृष्ण ऊर्जा

वाराणसीच्या दशाश्वमेध घाटापासून दक्षिणेला असलेल्या काशी हिंदू विश्वविद्यालयातील प्राध्यापक विष्णू वासुदेव नारळीकर यांच्यासमवेत काम केलेले पी. सी. वैद्य यांनी १९४३ मध्ये प्रारणामुळे वस्तुमान घटत जाणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचे गणित मांडले. बदलत्या कृष्णविवरांच्या अभ्यासात ते आजही वापरले जाते.

विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे १९९८ मध्ये स्पष्ट झाल्यावर या अभ्यासाला नवे महत्त्व आले. या वेगामागे कृष्ण ऊर्जा आहे, की आइन्स्टाइन यांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांतच अपुरा आहे? कृष्ण ऊर्जा स्थिर असेल, तर कृष्णविवराच्या सीमेत पडणारा फरक मोजता न येण्याइतका सूक्ष्म ठरतो. सिद्धांतच बदलावा लागला, तर मात्र कृष्णविवराची छाया आणि दोन कृष्णविवरांच्या मीलनानंतर उमटणारी कंपने वेगळी असू शकतात.

१४ जानेवारी २०२५ रोजी नोंदल्या गेलेल्या गुरुत्वीय लहरींतील कंपने आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताशी जुळली. तथापि, काही पर्यायी सिद्धांतांतही कृष्णविवरे तशीच राहत असल्याने प्रश्न निकाली निघालेला नाही.

या दृष्टीने हिंगोली जिल्ह्यातील लायगो-इंडिया प्रकल्प महत्त्वाचा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. ही वेधशाळा कार्यान्वित झाल्यावर लहरींची दिशा अधिक अचूकपणे कळेल. उगमाची दीर्घिका ओळखता आल्यास त्याच लहरींवरून विश्वाच्या प्रसरणाचा वेगही मोजता येईल. गुरुत्वाकर्षण आणि कृष्ण ऊर्जा या दोहोंची परीक्षा अशा रीतीने एकाच नोंदीतून होऊ शकेल.